सुपरहिरोपटातला शॉट नेमका कुठे फसतो?

आरपार२४

कुठलाही मोठा सुपरहिरोपट लागला की दुसऱ्या दिवशी "सीजीआय गंडलंय" (सीजीआय, म्हणजे संगणकावर बनवलेली दृश्यं) हा शेरा ठरलेला. त्यातून कळत काहीच नाही. गंडलंय म्हणजे काय? प्रकाश जुळत नाही, कॅमेरा भलत्याच जागी आहे, पात्राला वजन नाही, की चेहरा निर्जीव आहे? ही चार निरनिराळी दुखणी आहेत आणि त्यांची कारणंही निरनिराळ्या टप्प्यांवर सापडतात. रेंडर, म्हणजे संगणकाने शेवटचं चित्र रंगवणं, मात्र क्वचितच दोषी असतं. आर्नोल्ड किंवा रेंडरमॅनसारखे आजचे पाथ ट्रेसर (प्रकाशकिरणांचा माग काढून चित्र बनवणारी सॉफ्टवेअर) धातू, काच, कातडी हे सगळं प्रकाशाच्या नियमांनुसारच रंगवतात. त्यांना चुकीचा प्रकाश दिला, तर तो चुकीचा प्रकाशही ते बिनचूक रंगवून देतात!

माझं म्हणणं असं की निम्म्याहून जास्त फसलेले शॉट सेटवरच फसलेले असतात. सगळ्यात ढोबळ उदाहरण म्हणजे भर उन्हातल्या मैदानावरची लढाई, पण चित्रीकरण बंद स्टेजवर. सूर्य इतका लांब आहे की नट दहा पावलं पुढे आला काय, मागे गेला काय, त्याच्यावरचा उजेड तेवढाच राहतो. स्टेजवरचा दिवा १० मीटरवर असेल आणि नट त्याच्या दिशेने २ मीटर धावला, तर उजेड दीडपटीहून जास्त वाढतो (१०० भागिले ६४). प्रेक्षकाला हे गणित माहीत नसतं, पण "हे बाहेर नाही, खोलीत आहे" एवढं डोळ्याला लगेच कळतं.

दुसरी खूण सावलीची कड. आकाशात सूर्य फक्त अर्ध्या अंशाचा दिसतो. त्यामुळे १ मीटर उंचीवरच्या वस्तूची सावली जमिनीवर जेमतेम ९ मिलिमीटर धूसर असते, म्हणजे चांगलीच धारदार. स्टेजवर डोक्यावर ताणलेल्या मोठ्या पांढऱ्या कापडातून येणारा उजेड नाकाखाली धड सावलीही पाडत नाही. मागे कडक ऊन, चेहऱ्यावर ढगाळ दुपार. हे कंपोझिटिंगमध्ये (वेगवेगळी चित्रं एका फ्रेममध्ये जोडताना) पूर्ण दुरुस्त होत नाही, कारण चेहऱ्यावर नसलेली सावली तिथे नव्याने रंगवावी लागते आणि नटाने मान वळवली की तीही वळवावी लागते.

रोटोवाली

प्रकाशाबद्दल सहमत. पण सेटवर मोजमाप नीट घेतलं असेल तर बरंच वाचवता येतं. प्रत्येक सेटअपनंतर हे झालंच पाहिजे:

करडा गोळा आणि आरशासारखा चकचकीत गोळा, दोन्ही नट उभा होता त्याच जागी धरायचे. करड्यावरून मुख्य उजेडाची दिशा आणि सावलीची घनता कळते, चकचकीतवरून दिवे कुठे होते ते. सोबत रंगांचा तक्ता. मग त्याच जागी ट्रायपॉडवर फिशआय लेन्स लावून ३६० अंशांचे फोटो, प्रत्येक दिशेला ५ ते ७ वेगवेगळी एक्स्पोजर. ते जोडले की एचडीआरआय, म्हणजे अंधारापासून लख्ख उजेडापर्यंतची तीव्रता साठवणारा फोटो, तयार. सीजी पात्राला याच गोलातून उजेड मिळतो.

यात नेहमी होणारा घोळ म्हणजे सूर्य जळून जाणं. सगळ्यात कमी एक्स्पोजरमध्येही सूर्याची चकती पांढरीफटक आली, तर त्याची खरी तीव्रता फाइलमध्ये उतरतच नाही. आकाश बरोबर, सूर्य मात्र खऱ्याच्या मानाने मिणमिणता. परिणामी सीजी पात्र मिळमिळीत दिसतं, सावल्या फिक्या. उपाय सोपा आहे: जास्तीचा एनडी फिल्टर (उजेड कमी करणारी काच) लावून सूर्याचे वेगळे फोटो घ्या, किंवा एचडीआरआयमधून सूर्य पुसून त्या जागी वेगळा दिशादर्शक लाइट ठेवा आणि करड्या गोळ्याच्या फोटोशी ताडून त्याची तीव्रता ठरवा.

हे सगळं करायला युनिट दोन मिनिटंसुद्धा देत नाही, हा मुद्दा वेगळा.

कळफलक

प्रश्न. आता एलईडी भिंती (नटामागे दृश्य दाखवणारे मोठे पडदे) आल्यात ना? मग हिरव्या पडद्याची कटकट आणि ही प्रकाशाची रडकथा दोन्ही संपायला हवी होती. तरी नवे चित्रपट जुन्यांपेक्षा कृत्रिम का वाटतात?

विजेरी

@कळफलक, एलईडी भिंत एक दुखणं बरं करते आणि तीन नवी देते.

बरं होतं ते प्रतिबिंबांचं. हिरव्या पडद्यासमोर चकचकीत चिलखत घातलेला नट उभा केला की चिलखत हिरवं होतं. डिजिटल कॅमेऱ्याच्या सेन्सरवर निम्मे फोटोसाइट (उजेड टिपणारे ठिपके) हिरव्या रंगाचे असतात, म्हणून हिरवा चॅनेल स्वच्छ येतो आणि की काढायला (पडदा पुसून मागे दुसरं दृश्य लावायला) हिरवा पडदा सोयीचा पडतो. पण त्याची झाक, म्हणजे स्पिल, धातूवर, घामावर, केसांच्या कडांवर बसते. स्पिल काढताना हिरवा कमी केला की कातडी किंचित जांभळट होते. गर्दीच्या फ्रेममध्ये सगळ्यांच्या कडा अशा दिसल्या तर स्पिल काढताना हात जड पडलाय असं समजा. एलईडी भिंतीवर खरं दृश्यच चालू असतं, त्यामुळे धातूत तेच दिसतं.

आता तोटे. 'द मँडलोरियन' (२०१९) या मालिकेसाठी बांधलेली भिंत २० फूट उंच आणि ७५ फूट व्यासाची होती, २७० अंशांत वळलेली. आकडा मोठा वाटतो, पण यात नट सुरक्षितपणे फिरू शकेल असं वर्तुळ त्याहून बरंच लहान उरतं. म्हणून अशा चित्रपटांत चार पात्रं अंगणात उभी राहून बोलतायत आणि मागे अथांग ग्रह पसरलाय अशी रचना पुन्हा पुन्हा दिसते. पुढचं आणि मागचं आहे, मधलं अंतरच नाही.

दुसरं, एलईडी पॅनेल म्हणजे मोठा मऊ दिवा. त्यातून धारदार ऊन येत नाही. संध्याकाळ, पहाट, ढगाळ हवा, रात्रीचं शहर यांना उत्तम. भर दुपारला निरुपयोगी. 'द बॅटमॅन' (२०२२) मध्ये छायाचित्रकार ग्रेग फ्रेझरने ही भिंत शहराच्या क्षितिजामागच्या तांबूस उजेडासाठी वापरली, म्हणजे जिथे ती चालते नेमकी तिथेच. मँडलोरियनच्या छायाचित्रणातही तोच होता, त्यामुळे भिंतीची मर्यादा त्याला पक्की ठाऊक.

तिसरं, पॅनेलचा उजेड लाल, हिरवा, निळा या तीन अरुंद पट्ट्यांचा. पडद्याकडे बघायला ठीक, पण त्याच उजेडात कातडीचे रंग विचित्र येतात. म्हणून चेहऱ्यासाठी वेगळे पूर्ण वर्णपटाचे दिवे लावावे लागतात आणि ते भिंतीवर सांडले की भिंतीवरचा काळा रंग करडा होतो. शिवाय फोकस भिंतीवर गेला की मोअरेची (पॅनेलच्या ठिपक्यांमुळे उमटणारी लाटांची) जाळी दिसते आणि कॅमेरा झटकन फिरवला की मागचं दृश्य काही फ्रेम उशिरा सरकतं.

पडद्यामागे

म्हणूनच म्हणतो, जुनं ते सोनं. १९७८ च्या 'सुपरमॅन'मध्ये संगणक नव्हता तरी माणूस उडतो हे पटलं.

आरपार२४

@पडद्यामागे, पटलं ते का पटलं हे बघितलं तर गंमत आहे. झोरान पेरिसिकने झॉप्टिक नावाची फ्रंट प्रोजेक्शनची (नटामागच्या पडद्यावर समोरून चित्र टाकण्याची) पद्धत बनवली. प्रोजेक्टरवर एक झूम लेन्स, कॅमेऱ्यावर दुसरी, आणि दोन्ही एकाच वेळी एकाच प्रमाणात हलणाऱ्या. प्रोजेक्टरने चित्र लहान केलं की कॅमेरा तेवढाच झूम करतो, त्यामुळे मागचं दृश्य होतं तेवढंच राहतं आणि मध्ये टांगलेला नट मात्र जवळ येताना दिसतो. नट जागचा हललेलाही नसतो. इथे नट आणि पार्श्वभूमी एकाच लेन्समधून, एकाच निगेटिव्हवर उतरतात. कडा, धूसरपणा, ग्रेन (चित्राचा दाणेदारपणा) जुळवायचा प्रश्नच येत नाही.

पण "सगळं खरं, संगणक नाही" या जाहिरातीवर जाऊ नका. 'द डार्क नाइट' (२००८) मधला उलटणारा ट्रक खरा आहे, शिकागोच्या रस्त्यावर पिस्टन लावून उलटवलेला. त्याच चित्रपटातला खलनायक टू-फेसचा जळका चेहरा फ्रेमस्टोअर या स्टुडिओने सीजीत केलाय, कारण मेकअपने चेहऱ्यावर भर घालता येते, गाल कापून आतला जबडा दाखवता येत नाही. आणि 'ॲव्हेंजर्स: एंडगेम' (२०१९) मधले कालप्रवासाचे पांढरे पोशाख? ते शिवलेलेच नव्हते. चित्रीकरणाच्या वेळी रचना पक्की नव्हती, म्हणून सगळे सीजी. ते बघून कोणी बोंब मारली नाही. पोशाखाचा प्रकाश चेहऱ्याशी जुळला की झालं.

गुरुत्वमध्य

प्रकाशावर बरंच झालं, आता वजनाकडे या. माझ्या मते डोळा सगळ्यात आधी तिथेच ठेचकाळतो, आणि यात प्रेक्षकाला घरबसल्या मोजताही येतं.

मोकळी पडणारी वस्तू (सेकंदाला २४ फ्रेम धरून) पहिल्या ६ फ्रेममध्ये ३० सेंटिमीटर, १२ फ्रेममध्ये १.२ मीटर आणि २४ फ्रेममध्ये ४.९ मीटर खाली येते. ब्लू-रे किंवा चांगली फाइल घ्या, व्हीएलसीमध्ये 'ई' कळ दाबली की एकेक फ्रेम पुढे सरकते. पात्राची उंची पट्टी म्हणून धरा आणि मोजा. दोन अटी: शॉट स्लो मोशन नसावा आणि कॅमेरा शक्यतो स्थिर असावा.

मोजलंत की एक गोष्ट दिसेल. तारेवर लटकवलेल्या स्टंटमनची उडी वरच्या टोकाला रेंगाळते. खऱ्या उडीत वर जाताना वेग एकसारख्या प्रमाणात कमी होतो आणि खाली येताना तसाच वाढतो. तारेवर वेग ठरवतो ओढणारा माणूस किंवा विंच, म्हणजे तार गुंडाळणारं यंत्र. शिवाय तार कमरेला असते, म्हणून धड कमरेभोवती झुलतं आणि पाय मागे लोंबतात. संपूर्ण डिजिटल प्रतिकृतीतही हाच दोष येतो, कारण ॲनिमेटर समोर तारेवरचाच संदर्भ ठेवतो!

उलट बाजूचा दोष मोठ्या उड्यांचा. १०० मीटर उंच उडी मारायची तर वर जायला ४.५ सेकंद, खाली यायला तेवढेच. एकूण ९ सेकंद, म्हणजे सुमारे २१७ फ्रेम. लढाईच्या धामधुमीत एवढा वेळ कोणता संकलक देईल? मग गुरुत्वाकर्षण चौपट केलं जातं आणि राक्षस रबरी चेंडू होतो. शहाणा उपाय म्हणजे उडी एकाच शॉटमध्ये दाखवायचीच नाही. निघतानाचा शॉट, मग दुसऱ्याच कोणाचा तरी, मग आदळतानाचा. मधला वेळ प्रेक्षक स्वतः भरून घेतो.

आकाराचा नियमही लक्षात ठेवा. काळ आकाराच्या वर्गमुळाने ताणला जातो. १.८ मीटरचा माणूस अर्ध्या सेकंदात पाऊल टाकत असेल तर १८ मीटरचा राक्षस १.६ सेकंद घेईल. लघुप्रतिकृतींचं चित्रीकरण याच सूत्रावर चालायचं: एक-चतुर्थांश आकाराची इमारत पाडायची तर २४ ऐवजी ४८ फ्रेम, एक-सोळांश असेल तर ९६. (पाणी आणि आग मात्र या सूत्रालाही दाद देत नाहीत. थेंबाचा आकार पृष्ठताण ठरवतो, तो प्रतिकृतीबरोबर लहान होत नाही. म्हणून जुन्या चित्रपटांतल्या पुराच्या लाटा बादलीतल्या वाटतात.)

जमिनीला पाय टेकतो तो क्षण स्वतंत्र बघा. टाच टेकली त्याच फ्रेमला, फार तर पुढच्या फ्रेमला, धूळ उठली पाहिजे. तीन फ्रेम उशीर झाला तर पाय आणि धूळ दोन वेगळ्या लोकांनी केलेत हे उघडं पडतं. तसे ते असतातच: एक ॲनिमेशन विभागात, दुसरा इफेक्ट्समध्ये. ॲनिमेशन शेवटच्या आठवड्यात बदललं आणि धुळीचं सिम्युलेशन पुन्हा चालवलं नाही की असं होतं.

कळफलक

हे भारी आहे. मग प्रचंड वेगाने उडणाऱ्या पात्रांचं काय? ती कधी कधी चिकटवल्यासारखी का दिसतात?

रोटोवाली

मोशन ब्लरमुळे, म्हणजे वेगामुळे चित्रात येणाऱ्या फराट्यामुळे. २४ फ्रेम आणि १८० अंशांचं शटर म्हणजे प्रत्येक फ्रेम १/४८ सेकंद उघडी. सेकंदाला १०० मीटर वेगाने आडवं जाणारं पात्र तेवढ्यात २ मीटरहून जास्त सरकतं, म्हणजे स्वतःच्या उंचीपेक्षा जास्त. प्रामाणिकपणे रेंडर केलं तर नायक नाही, फक्त लाल-निळा फराटा दिसेल. निर्मात्याला पोशाख दिसायला हवा असतो, म्हणून ब्लर कमी करतात. मग पार्श्वभूमीला खरा ब्लर, पात्राला अर्धा. झालं चिकटवलेलं चित्र.

यातून सुटायचा चांगला मार्ग म्हणजे कॅमेराच पात्राबरोबर नेणं. दोघांचा सापेक्ष वेग कमी, पात्र स्पष्ट, मागचं सगळं फराटलेलं. फक्त तो कॅमेरा हेलिकॉप्टरवर बसवल्यासारखा वागला पाहिजे: किंचित उशिरा वळणारा, पात्र फ्रेमबाहेर निसटलं की शोधणारा. 'मॅन ऑफ स्टील' (२०१३) मध्ये हा विचार दिसतो. तिथे प्रत्येक शॉट झाला की त्याच जागेवरून परिसराचे चहूबाजूंचे फोटो घेत. मग नट हवेत झेपावला की कुठल्याही क्षणी खऱ्या प्लेटवरून (कॅमेऱ्याने टिपलेल्या दृश्यावरून) डिजिटल परिसरात आणि डिजिटल प्रतिकृतीवर जाता येई, तेही कट न मारता आणि हाती धरलेल्या कॅमेऱ्याचा थरकाप तसाच ठेवून.

उलट टोकाचा वेग म्हणजे जग थांबलंय आणि एकटाच फिरतोय. 'एक्स-मेन: डेज ऑफ फ्यूचर पास्ट' (२०१४) मधला स्वयंपाकघराचा प्रसंग, काम ऑस्ट्रेलियातल्या रायझिंग सन पिक्चर्सचं. असं काही खरोखर अतिवेगवान कॅमेऱ्यावर घ्यायचं तर उजेडाचा हिशेब आधी करा. २४ ऐवजी ३००० फ्रेम म्हणजे १२५ पट कमी वेळ, म्हणजे जवळपास ७ स्टॉप जास्त उजेड (दर स्टॉपला दुप्पट). आणि साध्या विजेवर चालणारे दिवे सेकंदाला १०० किंवा १२० वेळा लुकलुकतात. एरवी कळत नाही, इथे अख्खा शॉट धडधडतो.

धूळपाटी

केपबद्दल कोणीच बोललं नाही, म्हणून थोडक्यात. ताशी ३०० किलोमीटरच्या वाऱ्यात खरं कापड पाठीमागे सपाट ताणलं जाऊन कडेला फडफडेल, भव्य लाटा वगैरे काही नाही. त्यामुळे सिम्युलेशनमध्ये पात्राचा वेग आणि केपला लागणारा वारा मुद्दाम वेगळे ठेवतात. शॉटच्या आधी ३०-५० फ्रेम प्री-रोल द्यायचा, हात पसरलेल्या तटस्थ स्थितीतून पात्राला पहिल्या पोजमध्ये हळूहळू आणायचं, नाहीतर पहिल्याच फ्रेमला केप झटका खाते. पात्र एका फ्रेममध्ये फार सरकत असेल तर सबस्टेप (एका फ्रेममधले हिशेबाचे टप्पे) वाढवायचे. कमी पडले की कापड खांद्यातून आरपार. थिएटरात हे आरपार जाणं फारसं दिसत नाही, दिसतं ते कापडाचं वजन. जाड लोकरीची केप रेशमासारखी लहरली की पोशाखाची किंमतच कमी झाल्यासारखी वाटते.

पडद्यामागे

बरं, चेहरा. 'ॲव्हेंजर्स'मधला खलनायक थॅनॉस पटतो आणि सुपरमॅनची पुसलेली मिशी पटत नाही. दोन्हीकडे पैसा होता.

विजेरी

पैशापेक्षा प्रश्नच वेगळा होता.

'इन्फिनिटी वॉर' (२०१८) मधल्या थॅनॉससाठी जॉश ब्रोलिनने चेहऱ्यावर ठिपके आणि डोक्यावर छोटे कॅमेरे लावून सेटवरच इतर नटांसोबत अभिनय केला. त्याच्या भावमुद्रा आधी बारकाईने स्कॅन केलेल्या होत्या. डिजिटल डोमेन या स्टुडिओच्या मास्करेड प्रणालीने ठिपक्यांच्या मोजक्या माहितीवरून तपशीलवार चेहरा उभा केला, आणि पुढे तो थॅनॉसच्या चेहऱ्यावर बसवला. काही शॉट वेटा या स्टुडिओने केले. महत्त्वाचं हे की थॅनॉसची घडण ब्रोलिनच्या तोंडाच्या ठेवणीला जवळची ठेवली होती, आणि जांभळा राक्षस खरा कसा दिसतो हे कोणालाच ठाऊक नाही. तुलना करायला मूळ प्रत नाही!

'जस्टिस लीग' (२०१७) मध्ये सुपरमॅन झालेल्या हेन्री कॅव्हिलच्या मिशा दुसऱ्या चित्रपटासाठी राखायच्या होत्या. "मिशी पुसली" म्हणतात, पण पुसून खाली काहीच मिळत नाही. वरचा ओठ नव्याने बांधावा लागतो. बोलताना वरचा ओठ नुसता वरखाली होत नाही. तो दातांवर ताणला जातो, नाकाखालची खाच सपाट होते, गालाच्या घड्या त्याच्याबरोबर सरकतात. ओठ सीजी आणि घड्या प्लेटमधल्या, दोन्हींची हालचाल अर्ध्या मिलिमीटरने चुकली तरी सूज आल्यासारखी वाटते. त्यात तो चेहरा प्रेक्षकाने आधीच्या चित्रपटांत जवळून पाहिलेला.

डोळ्यांसाठी एक खूण देतो. खालच्या पापणीच्या काठावर अश्रूंची बारीक ओली रेघ असते, तिच्यात उजेड चमकतो. ती नसली की डोळा काचेचा दिसतो. आणि बुब्बुळ हललं की वरची पापणी थोडी त्याच्याबरोबर जाते. घाईच्या शॉटमध्ये हे हमखास राहून जातं.

आरपार२४

आणि घाई आहेच. शेवटची लढाई सगळ्यात उशिरा ठरते, तरी प्रदर्शनाची तारीख हलत नाही. मार्व्हलच्या स्वतःच्या नोकरीतल्या व्हीएफएक्स (दृश्य परिणाम) कर्मचाऱ्यांनी सप्टेंबर २०२३ मध्ये एकमताने आयएटीएसई या कामगार संघटनेत जायचं ठरवलं, ते उगाच नाही.

कळफलक

शेवटचा प्रश्न. घरी बसून कंपोझिटिंग तपासायचं तर काय करू?

रोटोवाली

फ्रेमचा स्क्रीनशॉट घ्या, कुठल्याही फोटोच्या सॉफ्टवेअरमध्ये गॅमा (मधल्या आणि गडद छटांचा उजळपणा) २.५-३ पर्यंत वाढवा. अंधाऱ्या भागांतला काळा रंग जुळलेला नसेल तर पात्र कापून लावल्यासारखं उठून येईल. मग लाल, हिरवा, निळा हे तिन्ही चॅनेल वेगवेगळे बघा. निळ्यात कॅमेऱ्याचा नॉइज सगळ्यात जास्त असतो. प्लेट खरखरीत आणि पात्र गुळगुळीत दिसलं तर ग्रेन जुळवलेला नाही. शेवटी कडा: पार्श्वभूमीचा उजेड पात्राच्या कडेवर थोडा चढायला हवा, पण सगळीकडून सारख्या जाडीचा चढला असेल तर तो सॉफ्टवेअरने सरसकट लावलाय.

स्ट्रीमिंगवरून हे करू नका, कंप्रेशन ग्रेन खातं आणि काळे भाग चौकोनी करतं. ट्रेलरवरून चित्रपटाचा निकालही लावू नका, त्यातले बरेच शॉट अपुरे असतात. पण ट्रेलरमधला एखादा शॉट आणि ब्लू-रेवरचा तोच शॉट शेजारी ठेवा. मधल्या महिन्यांत काय बदललं त्याची यादी करा: धूळ वाढली, सावली सरकली, मागची इमारतच गेली. वर ज्या चार दुखण्यांवर चर्चा झाली त्यातलं कोणतं स्टुडिओला स्वतःला आधी दिसलं, ते तिथे कळतं.